आर.एन.ए.-बंधक प्रथिने आणि कीटकांची प्रजननक्षमता : मराठवाड्यातील दोन पतंगांच्या संदर्भात एक समीक्षात्मक अभ्यास

गोषवारा

कीटकांच्या प्रजननात आर.एन.ए.-बंधक प्रथिनांचे स्थान मध्यवर्ती आहे, हे गेल्या चार दशकांच्या संशोधनाने सिद्ध केले आहे. मात्र या ज्ञानाचा बहुतांश पाया फळमाशी या एकाच कीटकावर उभा आहे. मराठवाड्याच्या शेतीशी निगडित दोन कीटक, म्हणजे कापसावरील गुलाबी बोंडअळी आणि तुतीवरील रेशीमकीटक, पतंगवर्गातील आहेत. एकाची प्रजननक्षमता रोखणे आणि दुसऱ्याची जपणे ही या प्रदेशाची एकाच वेळची गरज आहे. प्रस्तुत लेखात या विषयावरील संशोधनाची गृहीतके, निष्कर्षपद्धती आणि उपयोजनाचे दावे यांची या दुहेरी गरजेच्या कसोटीवर समीक्षा केली आहे.

बीजसंज्ञा : आर.एन.ए.-बंधक प्रथिने, प्रजननक्षमता, रेशीमकीटक, गुलाबी बोंडअळी, आर.एन.ए. हस्तक्षेप, मराठवाडा.

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि परभणी या पट्ट्यात कापूस हे खरिपाचे प्रमुख नगदी पीक आहे. भारतात बी.टी. कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. या तंत्रज्ञानाच्या प्रसारात जालना येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या महिको या बियाणे कंपनीचा मोठा वाटा होता. दोन जनुकांचे बी.टी. वाण २००६ मध्ये आले. पुढे गुजरातेत गुलाबी बोंडअळीने प्रथम एका आणि नंतर दुसऱ्याही विषप्रथिनाला प्रतिकार विकसित केला. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना या अळीचा जो तडाखा बसला, तो सर्वपरिचित आहे. डोमकळ्या दिसू लागल्या की पुढील वेचण्यांचा भरवसा उरत नाही, हा अनुभव तेव्हापासून गावोगावी घेतला जात आहे.

याच पट्ट्यात गेल्या दोन दशकांत तुती लागवड आणि रेशीमकोष उत्पादन वाढले. जालना येथे कोषांची बाजारपेठ उभी राहिली. पैठणसारखे रेशमी वस्त्रकलेचे प्राचीन केंद्र ज्या जिल्ह्यात आहे, तेथे कोषनिर्मितीही रुजावी ही घटना सांस्कृतिकदृष्ट्याही लक्षणीय आहे. अनेक ठिकाणी कापसाचे शेत आणि तुतीची बाग यांच्यामध्ये केवळ एक बांध असतो. एका पिकावरील फवारणीचा अंश वाऱ्याने दुसऱ्यावर गेल्यास कीटकसंगोपनगृहातील संपूर्ण बॅच हातची जाते.

बोंडअळीची पिढी वाढू नये आणि रेशीमकीटकाची अंडी शंभर टक्के उबावीत, अशा या परिस्थितीत आर.एन.ए.-बंधक प्रथिनांचा अभ्यास प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एक प्रगत प्रकरण एवढाच राहत नाही. कीडनियंत्रणाची पुढील साधने प्रजननाच्या रेणवीय यंत्रणेवर आधारित असतील, असे जागतिक पातळीवर मांडले जात आहे. ही मांडणी कितपत टिकते, हे तपासणे आवश्यक आहे.

विषयाचे स्वरूप

पेशीतील जनुकाचा संदेश आर.एन.ए.च्या रूपाने बाहेर पडतो. तो कसा छाटला-जोडला जाईल, पेशीच्या कोणत्या भागात नेला जाईल, किती काळ टिकेल आणि त्यापासून प्रथिन केव्हा तयार होईल, हे मुख्यतः त्याला बांधून घेणाऱ्या प्रथिनांवर अवलंबून असते. ही यंत्रणा सर्वच पेशींत असली तरी जननपेशींत तिला अनन्यसाधारण महत्त्व आहे. याचे कारण जननपेशींच्या जीवनक्रमातच आढळते. फळमाशीच्या अंड्यात आईकडून आलेले संदेश आधीच साठवलेले असतात. गर्भाची स्वतःची जनुके सुरुवातीला जवळजवळ मूक असतात. शुक्राणूंच्या बाबतीतही बहुतांश संदेश पेशीविभाजनापूर्वी तयार होतात आणि बऱ्याच काळानंतर वापरले जातात. जेथे नवे संदेश लिहिले जात नाहीत, तेथे जुन्या संदेशांचे व्यवस्थापन हेच नियंत्रणाचे प्रमुख साधन ठरते. ते काम आर.एन.ए.-बंधक प्रथिने करतात.

येथे दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. मादी किती अंडी घालते ही तिची अंडोत्पादनक्षमता होय. त्यांपैकी किती अंडी फलित होऊन उबतात ही फलनक्षमता होय. अनेक शोधनिबंधांत या दोहोंचा उल्लेख सरमिसळ होतो. रेशीम व्यवसायात मात्र हा भेद रोजच्या व्यवहाराचा आहे. अंडीपुंजात अंडी भरपूर असूनही ती उबली नाहीत, तर त्या अंडीपुंजाला किंमत राहत नाही.

फळमाशीने दिलेला पाया

या क्षेत्रातील मूलभूत शोधांचे श्रेय फळमाशीवरील आनुवंशिक संशोधनाला जाते. ख्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० मध्ये गर्भविकासात दोष घडवणाऱ्या उत्परिवर्तनांचा पद्धतशीर शोध प्रसिद्ध केला. या कार्यासाठी त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासह १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या परंपरेतूनच 'नॅनोस', 'पुमिलिओ', 'ऑस्कर' इत्यादी जनुकांची ओळख झाली. पुमिलिओ हे प्रथिन संदेशाच्या शेवटच्या, प्रथिननिर्मितीत भाग न घेणाऱ्या पट्ट्यातील विशिष्ट अक्षरक्रम ओळखते आणि नॅनोसच्या सहकार्याने त्या संदेशाला मूक करते. त्याच्या आठ पुनरावृत्त घटकांपैकी प्रत्येक घटक साधारणपणे आर.एन.ए.चे एकेक अक्षर ओळखतो, हे या प्रथिनाचे वैशिष्ट्य होय.

ऑस्करच्या संदेशाचे उदाहरण अधिक बोलके आहे. हा संदेश अंडपेशीच्या मागील टोकाकडे नेला जातो. त्या प्रवासात 'ब्रूनो' हे प्रथिन त्याला मूक ठेवते, तर 'स्टाउफेन' हे प्रथिन त्याला योग्य जागी पोहोचविण्यास मदत करते. योग्य जागी पोहोचल्यावरच तो बोलका होतो आणि तेथे पुढील पिढीच्या जननपेशींचा पाया घातला जातो. ऑस्कर चुकीच्या टोकाला ठेवल्यास जननपेशी त्या टोकाला तयार होतात, हे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. नरांच्या संदर्भात 'बूल' या प्रथिनाचा अभाव असल्यास शुक्रपेशींचे विभाजन अडते आणि नर वंध्य होतो. हे प्रथिन मानवी पुरुषांच्या वंध्यत्वाशी निगडित प्रथिनकुलाचे नातलग असल्याचे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. 'पिवी' कुलातील प्रथिने सूक्ष्म आर.एन.ए.च्या मार्गदर्शनाने जननपेशींतील स्थलांतरी जनुकांना आवर घालतात. हा आवर सुटल्यास संकरातून जन्मलेली संतती वंध्य निपजते.

हे सर्व शोध निःसंशय मौलिक आहेत. तथापि त्यांच्या यशातूनच एक सवय निर्माण झाली. 'फळमाशीत असे घडते' या विधानाचे 'कीटकांत असे घडते' या विधानात सहज रूपांतर होऊ लागले. पाठ्यपुस्तके, परिसंवादातील निबंध आणि पदव्युत्तर प्रकल्प या सर्वांत हे रूपांतर आढळते. त्याची वैधता तपासण्यासाठी पतंगांकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

पतंगांचा वेगळा मार्ग

पहिला फरक अंडाशयाच्या रचनेतच आहे. फळमाशीत एका मूळ पेशीची चार विभाजने होऊन सोळा पेशींचा समूह तयार होतो. त्यांपैकी एक अंडपेशी बनते आणि पंधरा तिच्या पोषक पेशी ठरतात. रेशीमकीटकात तीन विभाजनांनंतर आठ पेशींचा समूह बनतो. एक अंडपेशी आणि सात पोषक पेशी. ज्या ऑस्करभोवती फळमाशीतील जननपेशींच्या निर्मितीची सर्व मांडणी फिरते, ते जनुक रेशीमकीटकात नाहीच. नॅनोस मात्र तेथे एकापेक्षा अधिक रूपांत आढळते. म्हणजे संस्थेचे पदाधिकारी काही प्रमाणात तेच असले तरी त्यांची घटना निराळी आहे.

दुसरा फरक लिंगनिश्चितीचा. फळमाशीत 'सेक्स-लीथल' हे आर.एन.ए.-बंधक प्रथिन मादीत 'ट्रान्सफॉर्मर' या जनुकाच्या संदेशाची विशिष्ट छाटणी करते आणि त्या मार्गाने 'डबलसेक्स' या जनुकाचे मादीरूप तयार होते. रेशीमकीटकात ट्रान्सफॉर्मर जनुक आढळलेले नाही. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले, की मादीच्या डब्ल्यू गुणसूत्रावरून निघणारा एक सूक्ष्म आर.एन.ए. पिवी कुलातील प्रथिनाच्या साह्याने नरत्व घडवणाऱ्या 'मॅस्क्युलिनायझर' जनुकाचा संदेश तोडतो. या तोडण्यामुळे मादी ही मादी राहते. नरात डबलसेक्सच्या संदेशाची नरोचित जुळणी करण्यास 'पी.एस.आय.' हे आर.एन.ए.-बंधक प्रथिन साह्य करते. फळमाशीत याच प्रथिनाची ओळख एका स्थलांतरी जनुकाला देहपेशींत रोखणारा घटक म्हणून झाली होती. एकाच प्रथिनकुलाकडे दोन कीटकांत दोन निराळी कामे सोपविली गेली, असा याचा अर्थ होतो.

तिसरे उदाहरण सर्वाधिक उद्बोधक आहे. पतंगांचा नर दोन प्रकारचे शुक्राणू तयार करतो : केंद्रक असलेले, जे अंड्याचे फलन करतात; आणि केंद्रकविहीन, जे फलन करू शकत नाहीत. हे दुसरे शुक्राणू कशासाठी, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की रेशीमकीटकात सेक्स-लीथल हे प्रथिन नसल्यास केंद्रकविहीन शुक्राणू नीट घडत नाहीत, परिणामी केंद्रकयुक्त शुक्राणू मादीच्या शुक्रकोशापर्यंत पोहोचत नाहीत आणि नर वंध्य ठरतो. फळमाशीत मादीपणाची गुरुकिल्ली असलेले प्रथिन पतंगात नराच्या फलनक्षमतेचा आधार आहे. केवळ नावाच्या साम्यावरून कार्याचे अनुमान करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसून येते.

या संदर्भात भारतीय संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. हैदराबाद येथील जे. नागराजू यांच्या प्रयोगशाळेने रेशीमकीटकाच्या आनुवंशिकीत मोलाची भर घातली. रेशीमकीटकाच्या झेड गुणसूत्रावर वृषणाशी संबंधित जनुकांचे प्रमाण अधिक असते, हा २००९ मधील निष्कर्ष त्यांच्याच गटाच्या सहभागातून पुढे आला. तसेच रेशीमकीटकाच्या अंडाशयापासून विकसित झालेल्या पेशीमालिकेने पिवी प्रथिनांच्या जागतिक अभ्यासाला आधार दिला. म्हणजे पतंगाला फळमाशीची दुय्यम आवृत्ती मानण्याचे कारण नाही; तो स्वतः एक स्वतंत्र प्रमाणकीटक आहे.

निष्कर्षपद्धतीची समीक्षा

या क्षेत्रातील प्रयोगांचा एक रूढ साचा आहे. एखाद्या कीटकात आर.एन.ए.-बंधक प्रथिनाचे जनुक शोधावयाचे, आर.एन.ए. हस्तक्षेपाने किंवा जनुकसंपादनाने ते निष्प्रभ करावयाचे, अंडी मोजावयाची आणि घट आढळल्यास 'हे प्रथिन प्रजननाचे नियंत्रण करते' असा निष्कर्ष काढावयाचा. या साच्यावर पुढील आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप तर्कशास्त्रीय आहे. अंडनिर्मिती ही शरीराची सर्वांत खर्चिक प्रक्रिया होय. पेशीच्या सामान्य जीवनास आवश्यक असे कोणतेही प्रथिन काढून घेतले, तरी अंडी घटणारच. घराचा पाया ढासळला म्हणून दिवाणखान्यातील दिवा विझला, यावरून पाया हा दिव्याचा खटका ठरत नाही. प्रजननावरील परिणाम आणि प्रजननाचे नियंत्रण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नियंत्रण सिद्ध करण्यासाठी ते प्रथिन नेमक्या कोणत्या संदेशाला बांधते आणि ते बंधनस्थळ बदलल्यास तोच परिणाम होतो का, हे दाखवावे लागते. पुमिलिओ आणि ऑस्करबाबत असे पुरावे दिले गेले, म्हणूनच ते निष्कर्ष टिकले.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. अंडोत्पादन आणि फलन यांचा भेद न केल्यास दोष मादीत आहे, नरात आहे की शुक्राणूंच्या वहनात आहे, हे समजत नाही. रेशीमकीटकातील सेक्स-लीथलचा शोध लागला तो संशोधकांनी केवळ अंडी न मोजता शुक्राणूंचा मादीच्या शरीरातील प्रवास तपासला म्हणून.

तिसरा आक्षेप माध्यमाचा. प्रयोगशाळेत द्विसूत्री आर.एन.ए. सुईने टोचला जातो. शेतात तो खाद्यातून जावा लागतो. भुंगेऱ्यांत हे शक्य झाले आहे. मक्याच्या मूळकिडीविरुद्धच्या अशा वाणाला अमेरिकेत २०१७ मध्ये, तर बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्याविरुद्धच्या फवारणीयोग्य उत्पादनाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ही दोन्ही यशे भुंगेरेवर्गातील असून, लक्ष्य केलेली जनुके सर्वसाधारण जीवनक्रियांची आहेत. पतंगांत आतड्यातील विकरे द्विसूत्री आर.एन.ए. झपाट्याने नष्ट करतात आणि जो पेशीत शिरतो तोही अनेकदा पिशवीसदृश कप्प्यात अडकून राहतो. भुंगेऱ्यांत हस्तक्षेप प्रभावी करणारे 'स्टाउफेन-सी' हे आर.एन.ए.-बंधक प्रथिन पतंगांत नाही. त्यातच गुलाबी बोंडअळी अंड्यातून बाहेर पडताच अल्पावधीत पाते वा बोंडात शिरते. फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. भुंगेऱ्यावरील यशाचा दाखला देऊन बोंडअळीबाबत आशा दाखविणे म्हणूनच अशास्त्रीय ठरते.

मराठवाड्याच्या शेतात

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये भडोच येथील कापसावरील नमुन्यांवरून केले. पश्चिम भारताशी इतके जुने नाते असलेल्या या किडीने बी.टी. तंत्रज्ञानाला कसे उत्तर दिले, याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांत विषप्रथिनाला बांधून घेणाऱ्या कॅडहेरिनच्या जनुकात बदल तर होतेच. शिवाय त्याच्या संदेशाची छाटणी-जुळणीही नाना प्रकारांनी झालेली होती. संदेशाची फेरजुळणी हे निसर्गाचे असे साधन आहे, जे कीटक आपल्या बचावासाठीही वापरू शकतो. प्रजननाच्या आर.एन.ए. यंत्रणेवर नवे शस्त्र उगारणाऱ्यांनी हा धडा विसरता कामा नये. वंध्यत्व लादणाऱ्या साधनाइतका तीव्र निवडदाब दुसरा नाही. त्यातून सुटणारी थोडी मादी-नरेच पुढील पिढीचे एकमेव जनक ठरतात.

वंध्यत्वाचा उपयोग होतच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीच्या निर्मूलनाची घोषणा केली. त्यात बी.टी. कापूस, कामगंधाद्वारे मिलनात अडथळा, पीक अवशेषांचा नाश आणि किरणोत्साराने वंध्य केलेल्या पतंगांचे प्रचंड संख्येने सोडणे यांचा एकत्रित वाटा होता. पतंगांची गुणसूत्ररचना अशी आहे की त्यांना पूर्ण वंध्य करण्यास किरणांची मोठी मात्रा लागते आणि त्यात पतंग दुर्बळ होतो. कमी मात्रेत मात्र वंध्यत्व पुढील पिढीत अधिक तीव्रतेने उतरते. जनुकसंपादनाने नेमके वंध्य नर घडविण्याची पद्धत फळमाशीत २०१९ मध्ये यशस्वी झाली. परंतु तिच्यात मादी काढून टाकण्यासाठी वापरलेल्या लक्ष्यांत सेक्स-लीथल आणि ट्रान्सफॉर्मर यांचा समावेश होता. पतंगांत पहिल्याचे काम वेगळे, दुसऱ्याचा पत्ता नाही. ही पद्धत आपल्याकडे आणायची तर लक्ष्ये पतंगांच्याच जीवशास्त्रातून शोधावी लागतील. सेक्स-लीथल हे नराच्या वंध्यत्वासाठी असे एक संभाव्य लक्ष्य ठरू शकते.

आणि येथेच रेशीमकीटकाचा प्रश्न उभा राहतो. जी पद्धत पतंगांवर चालत नाही म्हणून रेशीमकीटक सुरक्षित मानला जातो, ती बोंडअळीविरुद्धही निरुपयोगी आहे; आणि जी बोंडअळीवर चालेल, तिच्यासमोर रेशीमकीटकाची सुरक्षितता नव्याने सिद्ध करावी लागेल. आर.एन.ए. हस्तक्षेप सुमारे एकवीस अक्षरांच्या जुळणीवर कार्य करतो. 'वासा'सारख्या प्रथिनांचे कार्यकारी भाग उत्क्रांतीत फारसे बदललेले नाहीत. जनुकाच्या अक्षरक्रमात फरक पडतो हे खरे असले, तरी जवळच्या कीटकांत अपघाती जुळणीची शक्यता अशाच भागांत अधिक असते. प्रयोगशाळेत मात्र हेच भाग ओळखण्यास सोपे म्हणून लक्ष्य म्हणून निवडण्याकडे कल असतो. सोयीचे लक्ष्य आणि सुरक्षित लक्ष्य यांतील हे अंतर साहित्यात पुरेशा गांभीर्याने घेतले जात नाही. लक्ष्य प्रजातीनुसार वेगळ्या असणाऱ्या, संदेशाच्या कडेच्या पट्ट्यांतून घेतले जावे आणि चाचणी मधमाशीबरोबर रेशीमकीटकावरही व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे. वंध्यत्वाच्या बाबतीत ही चाचणी एका पिढीवर थांबून चालणार नाही. शेतकरी पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोष विकतो. त्याच्या संगोपनगृहात सर्व काही ठीक दिसेल. दोष उघड होईल तो बीजागारात, अंडीपुंज तयार होताना, आणि तेव्हा त्याचे कारण कोणत्या बांधापलीकडे होते हे शोधणे दुरापास्त होईल.

तूर्त शेतकऱ्याच्या हाती असलेली साधने जुनीच आहेत : फरदड न घेणे, डिसेंबरअखेर पीक संपवणे, पऱ्हाटीची विल्हेवाट लावणे, कामगंध सापळे लावणे. हे उपायही मुळात प्रजननावरच घाव घालतात; अळीला पुढील पिढीसाठी आसरा मिळू देत नाहीत. रेणवीय संशोधनाने या उपायांची जागा घ्यावी अशी अपेक्षा बाळगण्यापेक्षा त्यांना जोड द्यावी, हे अधिक विवेकाचे आहे.

निष्कर्ष

आर.एन.ए.-बंधक प्रथिने कीटकांच्या प्रजननावर प्रभाव टाकतात, हे विधान सत्य आहे. परंतु ते अपुरे आहे. कोणत्या कीटकात, कोणत्या लिंगात, कोणत्या संदेशावर आणि अंडोत्पादन की फलन यांपैकी कशावर, हे सांगितल्याशिवाय त्याला उपयोजनाचे मूल्य येत नाही. फळमाशीच्या ज्ञानाचे ऋण मान्य करूनही पतंगांचा अभ्यास स्वतंत्रपणे होणे गरजेचे आहे, हे ऑस्करचा अभाव, लिंगनिश्चितीचा निराळा मार्ग आणि सेक्स-लीथलचे बदललेले कार्य यांवरून स्पष्ट होते.

या दृष्टीने मराठवाड्यातील महाविद्यालये अनुकूल स्थितीत आहेत. प्राणिशास्त्र विभागांना रेशीमकीटक सहज उपलब्ध आहे. बोंडअळीचे नमुने हंगामात शेतातूनच मिळतात. पतंगांच्या दोन प्रकारच्या शुक्राणूंचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण, उन्हाळ्यातील उष्म्याचा नर पतंगांच्या फलनक्षमतेवरील परिणाम, अंडी घालणे आणि अंडी उबणे यांच्या स्वतंत्र नोंदी, हे प्रकल्प मोठ्या खर्चाशिवाय होऊ शकतात. रेणवीय प्रयोगशाळेने उद्या एखादे साधन पुढे केले, तर त्याचा रेशीमकीटकावरील परिणाम ज्या नोंदींशी ताडून पाहावा लागेल, त्या नोंदी याच प्रकल्पांतून तयार होणार आहेत. त्या आज नसतील, तर बीजागारात न उबलेल्या अंड्यांचा जाब उद्या कोणालाच विचारता येणार नाही.